झुमक्यामागची सात गाणी



१९९८ साली ‘गारवा’ नावाची कॅसेट आली. शब्द सौमित्र यांचे, म्हणजे किशोर कदमांचे. चाली आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. आधी कविता, मग गाणं. खानदेशातल्या आमच्या सावद्यात पारा पंचेचाळिसाला टेकलेला असायचा आणि टेपवर गारवा सुरू! शीर्षकगीत सगळ्यांच्या तोंडी होतंच. पण कॅसेटमधलं नावडतं गाणं गाळायचं, तर बटण दाबून अंदाजानं फीत पळवावी लागे. त्या कटकटीपेक्षा येईल ते ऐकलेलं बरं. असं करता करता आडबाजूची गाणीही कानात बसली.

एक मात्र खरं, ‘गारवा’तला पाऊस प्रेमात पडलेल्यांचा. आमच्याकडे मृगाआधी वादळ सुटलं, की घडांनी लदलेली केळीची बाग बघता बघता आडवी होते. हा पाऊस काही कॅसेटीत आला नाही.

२००२ मध्ये अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचं ‘ऐका दाजिबा’ गाजलं. टीव्हीवर ईशा कोप्पीकर, मिलिंद गुणाजी, वरातीत बँडवाले. त्या अल्बममध्ये आणखी कोणती गाणी होती, विचारा बरं कोणाला! एका गाण्यानं अख्खा अल्बम गिळला.

आता तर अल्बमच उरला नाही. ‘बबल्या इकस केसावर फुगे’, ‘हाई झुमका वाली पोर’ ही आपली अहिराणी गाणी यूट्यूबवर सुटी सुटी आली, आणि अहिराणीचा गंध नसलेलेही त्यांवर नाचले. पहिलं तर शेंदुर्णीच्या सचिन कुमावत यांचं. जामनेर तालुक्यातलं गाव! अभिमान वाटतोच. पण तीन-चार मिनिटांत वरात नाचवायची म्हटल्यावर ठेका आणि पोर याखेरीज त्यात मावणार काय? कानबाईची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी असलेला हा मुलूख आहे. आणि आमच्या सावद्याकडची बोली अहिराणीही नव्हे, लेवा गणबोली. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या गाण्यांतली.

तेव्हा गिटार हाती धरलेल्या पोरापोरींनो, आठ गाण्यांचा एक अल्बम कराच. एक कांदेबागेच्या केळीचं, एक सावदा स्टेशनवर केळीच्या वॅगनी भरणाऱ्या हमालांचं, एक आखाजीच्या झोक्यावरचं, एक त्या वादळाचं. झुमक्याचं हवं तर पहिलं ठेवा. लोक त्यासाठी येतील, तेवढ्यात बाकीची सात ऐकवून घ्या.