चवदार तळ्याचा निकाल पूर्ण वाचू या



कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावात जिल्ह्याच्या वकील परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. हा तालुका वीर भाई कोतवालांचा. माथेरानच्या या वकिलाने २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर देशासाठी प्राण दिले. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी आजच्या विषयाकडे वळतो.

विषय आहे नजीर, म्हणजे पुढच्या खटल्यांत आधार ठरणारा आधीचा निकाल. संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कर्जतच्या कोर्टाला पाळावाच लागतो. परराज्यातल्या उच्च न्यायालयाचा फार तर मार्गदर्शक ठरतो. हे आपण सारे जाणतो. पण निकालपत्रातला नेमका कोणता भाग बंधनकारक असतो, हे ठरवताना खरा कस लागतो. त्याचा उत्तम धडा आपल्याच जिल्ह्यात आहे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो अनुयायी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरात काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, असे त्यांचे म्हणणे. १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला, १९३३ मध्ये ठाण्यात अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयातही वादी हरले.

ते निकालपत्र जरूर वाचा. मंदिरप्रवेशाबाबतचे जुने निकाल, अगदी प्रिव्ही कौन्सिलचेही, प्रवेश मागणाऱ्यांच्या विरोधात गेलेले होते. उच्च न्यायालयाचे न्या. ब्रूमफील्ड यांनी ते डावलले नाहीत. देवळाच्या बाबतीत दीर्घ वहिवाटीवरून जे गृहीत धरता येते, ते सार्वजनिक पाणवठ्याच्या बाबतीत धरता येत नाही, असा फरक त्यांनी दाखवला. सायटेशन ‘डिस्टिंग्विश’ करणे म्हणतात ते हेच.

वहिवाट अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्यावर निकाल लागला. ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध होती का, यावर मत देण्याची गरज उरली नाही, म्हणून न्यायालयाने ते दिलेच नाही. तेव्हा या निकालाने अस्पृश्यतेची रूढीच बेकायदा ठरवली, असे कोणी सांगितले तर ते बरोबर नाही. ते काम पुढे संविधानाच्या अनुच्छेद १७ ने केले. पण ‘रूढी सांगणाऱ्याने ती सिद्ध करावी’ या एका नियमाच्या बळावर महाडचा मोठा लढा कोर्टात जिंकला गेला. नजिरेची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही इथे दिसतात.

म्हणून तरुण वकिलांना माझी कळकळीची विनंती आहे: नुसत्या हेडनोटवर सायटेशन देऊ नका. त्या खटल्यातली वस्तुस्थिती काय होती, कोर्टापुढे मुद्दा कोणता होता, निर्णय कोणत्या कारणावर टिकला, पीठ किती न्यायमूर्तींचे होते आणि पुढे तो निकाल फिरवला गेला का, एवढे पाहाच. जमिनीच्या वादात वाडीवरून येणारा ठाकूर किंवा कातकरी पक्षकार आपल्या भरवशावर असतो. आपण चुकीची नजीर दिली, तर नुकसान त्याचे होते.

या परिषदेतून निकाल मुळापासून वाचण्याची सवय पक्की होवो, ही सदिच्छा व्यक्त करतो.