आत वळलेली पापणी : ओळख आणि शुश्रूषा



पापणी ही डोळ्याची राखणदार आहे. धूळ अथवा वारा येताच ती मिटते आणि प्रत्येक उघडझापेबरोबर डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरवते. परंतु हीच पापणी आतील बाजूस वळली, तर तिच्या कडेचे केस बुबुळावर टेकतात व दिवसातून हजारो वेळा तेथे घासत राहतात. बुबुळावरील पारदर्शक पडद्यास पारपटल म्हणतात. घर्षणाने त्यावर ओरखडे उठतात, ओरखड्यांत जंतू शिरतात, व्रण होतो आणि व्रण भरून आला तरी मागे पांढरा डाग राहतो. यालाच आपण डोळ्यात फूल पडणे म्हणतो. पापणी शस्त्रक्रियेने सरळ करता येते. पारपटलावर पडलेले दाट फूल मात्र औषधाने जात नाही. म्हणून या विकारात वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे.

पापणी आत वळण्याची कारणे अनेक आहेत. उतारवयात खालच्या पापणीचे स्नायू व बंध सैल पडतात आणि तिची कड आत झुकते. दुसरे कारण पापणीच्या आतील बाजूस पडलेले व्रण. बालपणी खुपरी हा रोग पुनःपुन्हा झाला असल्यास आतील अस्तर आक्रसते आणि अनेक वर्षांनंतर, विशेषतः वरची पापणी, आत ओढली जाते. लहान मुलांच्या सतत सहवासामुळे हा संसर्ग स्त्रियांना अधिक होत असे. त्यामुळे वयस्क स्त्रियांत हा विकार जास्त आढळतो.

तिसरे कारण आपल्या परिसराला जवळचे आहे. निपाणीकडचा तंबाखू प्रसिद्ध आहे आणि तंबाखूबरोबर चुन्याची डबी वा पुडी घरोघरी असते. ती मुलांच्या हाती लागून चुना डोळ्यात उडाल्यास पापणी व पारपटल दोन्ही भाजतात. मच्छे व उद्यमबाग येथील कारखान्यांत तप्त धातूचा थेंब उडूनही अशीच इजा संभवते. चुना डोळ्यात गेल्यास क्षणाचाही विलंब न करता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान अर्धा तास डोळा धुवावा आणि रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून राहतात, ते तज्ज्ञाकडूनच काढून घ्यावे लागतात.

हा विकार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘पक्ष्मकोप’ या नावाने त्याचे वर्णन आहे. पापणीवरील त्वचेचा यवाच्या आकाराचा भाग काढून जखम केसाने शिवावी, असा उपचार तेथे सांगितला आहे. आधुनिक काळात भारत सरकारने १९६३ मध्ये खुपरी नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९७६ मध्ये तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात समाविष्ट झाला. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपरीचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. हे यश मोठे आहे. तथापि ज्यांच्या पापणीत जुने व्रण आहेत, त्यांचे केस आजही आत वळू शकतात. आणि वार्धक्याने होणारा विकार तर खुपरीबरोबर जाणारा नव्हे.

रुग्ण ओळखावा कसा? डोळ्यातून सतत पाणी येते, खुपते, उन्हाकडे पाहवत नाही, सकाळी चिपडे येतात. ‘वय झाले, डोळ्याला पाणी येणारच’ असे म्हणून घरची मंडळी दुर्लक्ष करतात. काही रुग्णांची पापणी एरवी सरळ दिसते. डोळे घट्ट मिटून उघडावयास सांगितल्यावरच ती आत वळते. सर्वांत बोलकी खूण म्हणजे घरातील चिमटा. आजी नातवाला जवळ बसवून पापणीचे केस उपटून घेते, चार दिवस बरे वाटते. पण केस पुन्हा उगवतात. तुटलेला केस आखूड व ताठ असल्याने अधिकच टोचतो. उपटणे हा तात्पुरता दिलासा आहे, उपचार नव्हे.

कायमचा उपाय शस्त्रक्रिया हाच होय. बहुधा पापणीपुरतीच भूल देऊन ती केली जाते आणि पुष्कळदा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तोपर्यंत वैद्यकीय सल्ल्याने ओलावा देणारे थेंब अथवा मलम वापरावे. खालची पापणी चिकटपट्टीने गालाकडे हलकी ओढून ठेवण्याची पद्धत रुग्णालयात शिकून घ्यावी. मध, तूप, एरंडेल डोळ्यात घालू नये. दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडयुक्त थेंब तर व्रण चिघळवू शकतात. डोळा लाल होऊन तीव्र दुखू लागला, दृष्टी अंधुक झाली वा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

शस्त्रक्रियेनंतर डोळा चोळू नये, हात धुऊनच मलम लावावे, धूर व धूळ टाळावी, टाके काढण्याची तारीख चुकवू नये. केस पुन्हा आत वळण्याची शक्यता असल्याने पुढील तपासण्याही आवश्यक असतात. रुग्णाला चुलीपुढून व उन्हातील कामातून काही दिवस मोकळे करणे, हा शुश्रूषेचाच भाग आहे.

डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्या सेवाव्रतींनी कर्नाटकात नेत्रशिबिरे गावोगावी नेली. मात्र शिबिर म्हणजे मोतीबिंदू, अशी समजूत रूढ झाल्याने पापणीचा रुग्ण घरीच राहतो. शिक्षकांनी वर्गात एकच प्रश्न विचारावा : ‘तुमच्या घरी कोणी चिमट्याने पापणीचे केस काढते का?’ हात वर करणाऱ्या मुलांची घरे आशा कार्यकर्तीस कळवावीत. तिने रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि तेथून बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात पाठविण्याची व्यवस्था व्हावी. एवढ्या विचारपुसीने एखाद्या वृद्धेची दृष्टी वाचू शकते. आणि या कामाला खर्च नाही, केवळ लक्ष हवे.