चैत्रातले आपले शिवार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला बोलावयास उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घरातले काम उरकून वावरात जाणाऱ्या, निंदण-वेचणी करणाऱ्या बाईला जे दिसते आणि जे कानावर पडते, तेवढेच मी सांगणार आहे. बोलण्यात कमीजास्त झाल्यास आपण सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

आपल्या एका सभासद बाईंची मुलगी विलायतेस असते. बाई दोन महिने तिच्याकडे राहून आल्या आणि हळदीकुंकवाला त्यांनी तिकडच्या वसंताचे वर्णन केले. थंडी संपली की तिकडे झाडांखालची जमीन निळ्या फुलांनी भरून जाते, मेंढ्यांची कोकरे हिरवळीवर उड्या मारतात, आफ्रिकेतून कोकीळ येते आणि तिचा पहिला आवाज कोणी ऐकला याचीसुद्धा लोक चर्चा करतात. मला मात्र त्यांची दुसरीच गोष्ट जास्त नवलाची वाटली. तिकडे शेतांमधून पायवाटा आहेत आणि त्यांवरून कोणीही चालावे अशी मोकळीक आहे. या वाटांची नोंद सरकारी नकाशावर करावी असा कायदाच तिथे १९४९ साली झाला. रविवारी म्हाताऱ्या बायासुद्धा काठी टेकीत त्या वाटांनी हिंडतात. काम म्हणून नव्हे, नुसते पाहण्यासाठी.

हे ऐकून माझ्या मनात आले, की आपल्यापैकी किती जणी शिवारात कामाशिवाय जातात? आपण वावरात जातो ते खाली मान घालून. निंदणाला जातो, वेचायला जातो, पऱ्हाट्यांची मोळी आणायला जातो. हाती विळा किंवा डोक्यावर टोपले नसेल, तर वाटेत भेटणारा विचारतो, "कुठं चालल्या, वहिनी?" नुसते पाहायला चालले, असे उत्तर द्यायला आपल्याला लाज वाटते. पुरुषमाणूस चावडीवर तासभर बसला तर त्याला कोणी काही विचारीत नाही.

आणि भगिनींनो, पाहण्यासारखे आपल्याकडे काय थोडे आहे? विलायतेचा वसंत थंडीनंतर येतो, आपला येतो तो कापूस घरात आल्यावर. तूर झाली, हरभरा-गहू निघाला, पाडव्याला सालदाराचे नवे साल सुरू झाले, की वावरे मोकळी होतात. आपण म्हणतो, आता शिवारात काही उरले नाही. पण पाखरांचा खरा संसार तेव्हाच मांडला जातो.

पळसाचेच घ्या. पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो, पण फाल्गुनात त्याला तीही नसतात. सगळे झाड केशरी होते. पत्रावळी, द्रोण आणि रंगपंचमीचा रंग एवढ्यापुरती आपली त्याच्याशी ओळख. सकाळी त्याच्याखाली थोडे थांबून पाहावे. साळुंक्या, बुलबुल, कावळे, इवलासा शिंजीर, सगळे मध प्यायला आलेले असतात. त्यात गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची भोरड्यांची टोळी असते. यांनाच पळसमैना म्हणतात. ही पाखरे आपल्या देशात फक्त हिवाळ्यापुरती येतात. पळस-सावरीचा मध पिऊन चैत्रात ती परत निघतात आणि थेट मध्य आशियात व त्याच्याही पलीकडे जाऊन घरटी करतात. नदीकाठी शेपटी हलवीत फिरणारा पांढरा धोबीही याच सुमारास उत्तरेला जातो. विलायतेत वसंताला पाहुणे येतात. आपल्याकडे वसंताला माहेरवाशिणी परत जातात.

पळसाची फुले गळली की पिंपळाला तांबूस कोवळी पाने येतात. ऊन पडले की ती तांब्याच्या नव्या भांड्यासारखी चमकतात. निंबाला मोहोर येतो आणि पहाटे अंगणात त्याचा वास भरून राहतो. पाडव्याला आपण त्याची कोवळी पाने गुळाबरोबर खातो, तो मोहोर हाच. भर दुपारी सगळे चिडीचूप असताना कोणी तरी तांब्याचे भांडे ठोकीत बसल्यासारखा टुक् टुक् आवाज येतो. तो तांबट पक्षी. अंगाने हिरवा, कपाळ लाल, चिमणीहून थोडा मोठा. वाळलेल्या फांदीला चोचीने भोक पाडून तो घर करतो. नाल्याच्या मातीच्या कडेला हातभर लांब बीळ करणारा हिरवा पक्षी तो वेडा राघू. नाव वेडा, पण घर असे करतो की सहसा कोणाचा हात पोचत नाही.

टिटवीचे सांगितल्याशिवाय तर मला राहवत नाही. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण टिटवीची अंडी त्या बरोबर शोधीत. वखरलेल्या उघड्या वावरात, खड्यांच्या रंगाची तीन-चार अंडी. ना घरटे, ना आडोसा. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस जास्त, असे त्या सांगत. तो अंदाज प्रत्येक वर्षी खरा ठरतो असे नाही, पण त्यासाठी त्या पाहत, हे खरे. आपल्याकडे उन्हाचा पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो. अशा आगीत अंडी उबवायची नसतात, थंड राखायची असतात. टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. नर आणि मादी पाळीपाळीने बसतात. जिथे पाणी जवळ नाही, तिथे ती काय करील, हा विचार आपण करावा.

सासूबाईंसारख्यांचे हे पाहणे अडाण्याचे समजू नका. मारुती चितमपल्ली वनखात्यात होते. विदर्भाच्या रानात त्यांनी वर्षानुवर्षे काढली आणि गुराखी, मासे धरणारे, रानातले आदिवासी यांच्या तोंडून पाखरांची, झाडांची नावे टिपून घेतली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०२५ च्या जूनमध्ये वारले. ज्यांना शाळा मिळाली नाही अशांच्या ज्ञानाला त्यांनी मराठी पुस्तकात मानाने जागा दिली. तेव्हा आपल्या आज्या, सासवा काय सांगत, ते आपणही आठवून आपल्या मुलींना सांगितले पाहिजे.

आता नीळकंठाची गोष्ट. दसऱ्याला तो दिसला की आपण हात जोडतो. याचेच दुसरे नाव नीलपंख. वर्धा शहराने २०१८ साली मतदान घेऊन याच पक्ष्याला आपला शहरपक्षी ठरविले. तारेवर बसलेला असतो तेव्हा तो मळकट दिसतो. उडाला की पंखांतला निळा रंग डोळ्यांत भरतो. चैत्रात त्याचा नर उंच जातो आणि कोलांट्या खात, ओरडत खाली येतो. हे सगळे मादीला दाखविण्यासाठी! तो नाकतोडे, भुंगे, किडे खातो, म्हणजे आपल्या वावराची फुकट राखण करतो. पण घरटे मात्र तो स्वतः विणीत नाही. त्याला जुन्या झाडाची ढोली लागते. नव्या झाडाला ढोली नसते, आणि जुने झाड आपल्याला निकामी वाटते.

आमच्या धुऱ्यावर असाच एक जुना निंब आहे. दोन वर्षांमागे चैत्रातच त्याला गिऱ्हाईक आले. मुलीची कॉलेजची फी भरायची होती आणि कापसाचे पैसे उधारीतच गेले होते. घरचे म्हणाले, झाड पोकळ आहे, उद्या वादळात पडेल, आजच दोन पैसे येतात ते घ्यावे. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. संसार त्यांनाही चालवायचा आहे. पण त्या ढोलीत नीळकंठाचे जोडपे ये-जा करीत होते, ते मी रोज पाहत होते. मी म्हटले, मृग लागेपर्यंत थांबा, मग बोलू. फीसाठी आम्ही दोन शेळ्या विकल्या. मला शेळ्यांचे वाईट वाटले, नाही असे नाही. त्या माझ्या हातच्या होत्या. मृग लागला, पिले उडून गेली. त्यानंतर झाडाचा विषय कोणी काढला नाही. उन्हाळवाहीच्या वेळी ट्रॅक्टरवाला सुद्धा जेवायला त्याच निंबाच्या सावलीत बसतो. झाड अजून उभे आहे. पुढच्या अडचणीला काय होईल, ते मी आज सांगू शकत नाही. एवढे मात्र खरे, की मी ते पाखरू पाहिले नसते, तर शब्द काढला नसता. जे आपण पाहतच नाही, त्याच्यासाठी आपण बोलणार तरी कशा?

शिवारातले सगळे प्राणी गोडच असतात, असे मी म्हणणार नाही. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत हरभरा लोळवितात. थंडीत जागलीला जाणाऱ्या माणसांच्या घरची काळजी आपल्याला ठाऊक आहे. त्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. तिचा अर्ज वेळेवर झाला पाहिजे. पण रोह्याचा राग टिटवीवर किंवा धुऱ्यावरच्या पळसावर काढण्यात अर्थ नाही.

वाघ-अस्वले पाहायला आपल्या जिल्ह्यात बोरचे रान आहे. ते १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. तिथे जायला गाडी हवी, तिकीट हवे, घरातून सवड हवी. शिवाराला यातले काही लागत नाही. आपल्या पांदणी गावनकाशावर आहेत. विलायतेच्या पायवाटेसारखीच ती सगळ्यांची वाट आहे. पण दोन्ही बाजूंनी हात-हात नांगर आत आला की पांदण जाते आणि तिच्यावरची बाभूळ, बोर, निंबही जातात. आपले गावही बदलते आहे. मोठा रस्ता झाला, २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून देवळीवरून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली. हे चांगलेच झाले. मुलींना शिकायला जाणे सोपे होईल. म्हणूनच जी झाडे धुऱ्यावर, पांदणीवर राहिली आहेत, ती आपण मोजून ठेवावी.

यासाठी आपल्या हातचे काय आहे, ते थोडक्यात सांगते.

पहिले, धुरे पेटवू देऊ नयेत. चैत्र-वैशाखात धुऱ्याला काडी लावली की तितराची, टिटवीची अंडी जळतात, सरडे-मुंगूस होरपळतात आणि झाडांची खोडे भाजून ती उभ्या-उभ्या वाळतात. गवत कापून घेतले तर ते गुरांना होते. घरात ही गोष्ट शब्दाने सांगता येते. भांडावे लागत नाही.

दुसरे, अंगणात आणि वावरातल्या झाडाखाली मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवावे. फुटक्या माठाचा बुडखा चालतो. पाणी रोज बदलावे, नाही तर डास होतात.

तिसरे, आग्या मोहोळ जाळू देऊ नये. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माशा न मारता, मधाचा तेवढाच भाग कापून घेण्याची रीत लोकांना शिकविली आहे. मोहोळ राहते, माशा राहतात आणि आपल्या तिळाला, कांद्याच्या बियाण्याला फळ धरायलाही त्या माशांची मदत होते.

आणि चौथे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दरवर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाआधी एक सकाळ मंडळाने राखून ठेवावी. सूर्य वर येण्याआधी सगळ्याजणींनी पांदणीने निघावे. सोबत शिदोरी आणि पाणी घ्यावे. विळा, टोपले घेऊ नये. लेकी-सुना, म्हाताऱ्या, ज्यांच्या घरी वावर नाही त्याही बाया, सर्वांनी यावे. कोणते पाखरू दिसले, कोणते झाड फुलले, ते एका वहीत लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, मुलींनी लिहावे. पाच-दहा वर्षांनी ती वही उघडली म्हणजे आपल्या शिवारात काय आले आणि काय गेले, हे आपल्याच गावच्या बायांच्या शब्दांत वाचता येईल. वाटेत कोणी विचारलेच, "कुठं चालल्या?" तर सगळ्याजणी मिळून सांगू, "शिवार पाहायला." एकटीला जी लाज वाटते, ती दहाजणींत वाटत नाही. मंडळ असते ते यासाठीच.

ज्येष्ठ लागता लागता पावशा ओरडू लागेल, पेरते व्हा, पेरते व्हा. मग आपल्याला मान वर करायला फुरसत होणार नाही. तोपर्यंतचे हे थोडे दिवस आपले आहेत.

 पुढल्या चैत्रातल्या त्या सकाळसाठी ज्यांना नाव द्यायचे असेल, त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी चिटणीसबाईंजवळ द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.