शिक्षणाचा हक्क वयाने सरत नाही

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथांच्या या मंदिरात ग्रंथांच्या होळीची गोष्ट काढणे काहींना अशुभ वाटेल. पण आजच्या माझ्या विषयाचा उगम तेथेच आहे. मे १९३३ मध्ये जर्मनीतील विद्यापीठांच्या नगरांत ग्रंथांच्या होळ्या पेटल्या. त्या पेटविणारे हात निरक्षर गुंडांचे नव्हते, विद्यार्थ्यांचे होते. आणि कित्येक ठिकाणी त्यांचे प्राध्यापक शेजारी उभे राहून भाषणे करीत होते. ज्या प्रशियात १७६३ सालीच सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम निघाला, ज्या देशाच्या शाळांचे गोडवे सारे जग गात होते, त्याच देशाने हे केले. पुढच्या बारा वर्षांत त्याने जगाचा आणि स्वतःचा कसा विध्वंस केला, हे सर्वश्रुत आहे. जुलै १९४३ च्या बाँबवर्षावात हॅम्बुर्ग शहराचा मोठा भाग जळून गेला.

त्याच हॅम्बुर्गमध्ये १९५२ साली एका लहानशा संस्थेने कामास प्रारंभ केला. युद्धानंतर युनेस्कोने जर्मनीत तीन संस्था उभारल्या: कोलोनला समाजशास्त्रांची, म्युनिकजवळ गाउटिंग येथे युवकांची आणि हॅम्बुर्गला शिक्षणाची. शिक्षणसंस्थेच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १९५१ च्या जूनमध्ये वीस्बाडेन येथे भरली. त्या मंडळात मारिया माँटेसरी आणि जाँ पियाजे ही दोन थोर नावे होती. माँटेसरीबाई आपल्याला परक्या नाहीत. १९३९ साली त्या हिंदुस्थानात आल्या आणि युद्धाचा सारा काळ त्यांनी शिक्षक घडवीत येथेच काढला. शिकलेले राष्ट्र पशू कसे बनते आणि ते पुन्हा माणूस कसे व्हावे, हा त्या मंडळापुढचा प्रश्न होता.

प्रथम या संस्थेची दृष्टी शाळेवरच होती, आणि ते स्वाभाविकही होते. निरनिराळ्या देशांतील मुले एकाच कसोटीवर तपासून पाहण्याचा प्रयोग हॅम्बुर्गच्या याच संस्थेत जमलेल्या संशोधकांनी हाती घेतला. १९५९ ते १९६२ या काळात बारा देशांतील तेरा वर्षांच्या मुलांची गणित, वाचन, भूगोल, विज्ञान इत्यादी विषयांत परीक्षा झाली. आज देशादेशांच्या शाळांचे क्रमांक वर्तमानपत्रांत झळकतात, त्या प्रथेचे मूळ येथे सापडते.

परंतु संशोधन जसजसे पुढे गेले, तसतसे एक सत्य स्पष्ट झाले. माणसाच्या आयुष्यातली दहा वर्षे शाळेत जातात. उरलेली पन्नास कोठे जातात? १९७२ साली फ्रान्सचे माजी पंतप्रधान एडगर फोर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने युनेस्कोला अहवाल सादर केला आणि जन्मापासून अखेरपर्यंतचे शिक्षण हेच सर्व देशांच्या धोरणाचे सूत्र असावे असे बजावले. हॅम्बुर्गच्या संस्थेने तेच आपले कार्य मानले. त्या कार्याला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत एक भारतीय अग्रभागी होते, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. रवींद्र दवे यांनी १९७६ साली आजीवन शिक्षणाच्या पायाभूत तत्त्वांवरील ग्रंथ संपादित केला आणि पुढे ते संस्थेचे संचालकही झाले. त्यांचे म्हणणे सोपे आहे. शिक्षणाला लांबी हवी, म्हणजे ते वयाबरोबर चालले पाहिजे. आणि त्याला रुंदीही हवी, म्हणजे घर, शाळा, कामाची जागा व समाज यांची एकमेकांशी गाठ पडली पाहिजे.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. १९८५ साली पॅरिसला प्रौढ शिक्षणाची जागतिक परिषद भरली. तिने शिकण्याचा हक्क जाहीर केला. हक्क, उपकार नव्हे! बारा वर्षांनी, १९९७ मध्ये, तीच परिषद हॅम्बुर्गला भरली आणि तिनेही त्या हक्काचा पुनरुच्चार केला. २००६ साली संस्था युनेस्कोची पूर्ण आंतरराष्ट्रीय संस्था बनली आणि तिचे नावही बदलले. पूर्वी त्या नावात ‘शिक्षण’ होते, आता ‘आजीवन अध्ययन’ आले. शब्द गोड आहे. पण गोड शब्दाची पारख अधिक सावधपणे करावी लागते. ‘शिक्षण’ म्हटले की देणारा कोणी असतो, आणि तो चुकला तर त्याला जाब विचारता येतो. ‘अध्ययन’ म्हटले की सारा भार शिकणाऱ्याच्या शिरावर! गिरणी बंद पडली, नवे यंत्र आले, कचेरीतला कारभार संगणकावर गेला, आणि कामगाराला सांगण्यात आले, ‘बाबा रे, तूच शिकून घे.’ त्याने कोठे शिकावे? कोणाच्या पैशाने? कोणत्या वेळी?

कोणी म्हणेल, हे शब्दांचे खेळ आहेत. नाहीत. या संस्थेचेच जागतिक अहवाल पाहा. कित्येक देश शिक्षणाच्या अंदाजपत्रकातील एक टक्काही प्रौढांसाठी खर्च करीत नाहीत. जगात आजही ७० कोटींहून अधिक प्रौढांना साधे लिहिता-वाचता येत नाही, आणि त्यांत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत. ठरावाच्या कागदावर हक्क आणि तिजोरीत खडखडाट, अशी ही अवस्था आहे. आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

दुसरा प्रश्न भाषेचा. तो मी ओढून आणलेला नाही; संस्थेनेच तो हाती घेतला आहे. तिचे एक संचालक आदामा वान हे माली देशाचे भाषाशास्त्रज्ञ. ज्यांच्या शाळेची भाषा एक आणि चुलीपुढची भाषा दुसरी, अशा समाजांच्या शिक्षणावर त्यांनी संपादिलेला ग्रंथ संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केला. त्याचे महत्त्व या सभेला उलगडून सांगावयास नको. मूल परक्या भाषेत रडतखडत तरी शिकते. पण दिवसभर राबून आलेली चाळीस वर्षांची बाई पहिले अक्षर परक्या भाषेत शिकेल काय? तिची भाषा हीच तिच्या शिक्षणाची एकमेव उघडी खिडकी असते. ती बंद करणे म्हणजे तिचा हक्कच काढून घेणे होय.

बंधुभगिनींनो, हा विचार हॅम्बुर्गहून आयात करण्याचे आपल्याला कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१० पासून गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. शाळेत मिळालेली अक्षरे वाचनाविना गंजतात, हे त्या द्रष्ट्या राजाने जाणले होते. १९५९ साली साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा गावेच्या गावे साक्षर करण्याचा ध्यास त्या जिल्ह्याने घेतला. आज हॅम्बुर्गची संस्था शिकणाऱ्या नगरांचे जागतिक मंडळ चालविते. २०२२ साली त्यात आपल्या देशातील वरंगळ, त्रिशूर आणि निलंबूर यांना स्थान मिळाले. निलंबूर तर केरळातील एक छोटेखानी गाव! त्याला जमले, ते आपल्याला का जमू नये?

म्हणून या वाचनालयाला माझी तीन मागण्यांची विनंती आहे. सायंकाळी दोन तास एक दालन प्रौढांच्या वर्गासाठी उघडे ठेवा. तेथे अर्ज, सातबारा, बँकेचा कागद आणि संगणकावरील फॉर्म वाचावयास शिकवा, आणि ते मायबोलीत शिकवा. आणि नगरपालिकेकडे या वर्गासाठी हात पसरू नका. तिच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद हक्काने मागा, न मिळाल्यास पुन्हा मागा.

ज्या राष्ट्राने शाळा सुटली म्हणजे शिक्षण संपले असे मानले, त्याची शिकलेली मुले ग्रंथ जाळावयास निघाली. विचार करणारे, वाचणारे, प्रश्न विचारणारे नागरिक एकदाच घडवून भागत नाही; ते रोज घडवावे लागतात. तो कारखाना हेच वाचनालय आहे. त्याचे दार सायंकाळी बंद राहता कामा नये.