आडनाव सांगा, मग चावी



पनवेलला नवी बिल्डिंग. रंगाचा वासही गेला नव्हता. गोदीत लोखंड उतरवून जमवलेलं डिपॉझिट खिशात, अकरा महिन्यांचा करार कबूल. दलालानं विचारलं, "आडनाव?" सांगितलं. "म्हणजे कोण तुम्ही?" तेही सांगितलं. पुढं आलेली चावी परत त्याच्या खिशात गेली. "मालकाला व्हेज फॅमिली पाहिजे."

दोस्त म्हणाला, दुसरं आडनाव सांगायचं होतंस!

1917 साली बाबासाहेब कोलंबियात शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. घर मिळेना. पारशी नाव लावून पारशांच्या विश्रांतिगृहात राहिले. लोक काठ्या घेऊन आले, बाहेर काढलं.

संविधानाचं कलम 15(2) काढून वाचा. दुकान, हॉटेल, विहीर, तलाव, रस्ता, सगळं आहे. भाड्याचं घर त्या यादीत नाही. 2005 साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या पारशी हाउसिंग सोसायटीची 'सभासद फक्त पारशी' ही अट उचलून धरली. कलम 17 नं अस्पृश्यता गाडली म्हणतात. दलाल तिला 'व्हेज' म्हणतो, एवढंच.

म्हणून सांगतो, आडनाव लपवू नका. बाबासाहेबांना लपवावं लागलं होतं. 1927 ला महाडला आपण पाणी मागितलं नाही, घेतलं. आता त्या यादीत 'घर' लिहून घ्यायचं.

जयभीम!