मिठाचा थर आणि गंजलेली पिन

आज हिंगण्याहून बोलू या टॉवरवर माळेसारख्या लटकणाऱ्या चिनी मातीच्या बशांबद्दल, म्हणजे इन्सुलेटरबद्दल.

तुम्ही म्हणाल, विषय खाऱ्या हवेचा आणि हिंगण्यात समुद्र कुठून आला? पण आपल्या विदर्भातून, चंद्रपूरहून निघालेली 500 केव्हीची डीसी लाईन 752 किलोमीटर जाऊन ठाणे जिल्ह्यात पडघ्याला पोचते. आणि कोकण किनाऱ्यावरच्या लाईनी तर थेट समुद्राच्या वाऱ्यातच उभ्या आहेत.

आता होतं काय? ऑक्टोबर ते मे फारसा पाऊस नसतो. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बशीवर साचत जातं. कोरडं मीठ काही करत नाही. पण दव पडलं, धुकं आलं किंवा वळवाची बारीक सर आली, की मीठ विरघळतं आणि पृष्ठभागावरून थोडा थोडा करंट वाहू लागतो. कुठे पाणी सुकतं, तिथे ठिणग्या उडतात. रात्री खांबावरून चर्रर्र आवाज येतो ना, तो बऱ्याचदा हाच. ठिणगी पूर्ण माळ ओलांडून गेली की लाईन ट्रिप! गंमत म्हणजे धो-धो पाऊस उलट मीठ धुऊन टाकतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: मेमरी लीक हळूहळू साचतो, सिस्टम एक दिवस कोसळते, आणि रिस्टार्ट केलं की सगळं ठीक.

पण गंज रिस्टार्टने जात नाही. बशीच्या वर लोखंडी टोपी, खाली जस्त चढवलेली पोलादी पिन, मध्ये सिमेंट. पिन बारीक, म्हणून तिच्याभोवती करंट सगळ्यात दाट. आधी जस्त जातं, मग पोलाद. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन बशीला तडा जातो. किंवा पिन झिजून तुटते आणि तार खाली येते. डीसीमध्ये करंट एकाच दिशेने वाहतो, म्हणून तिथे गंज आणखी जोरात. त्यावर उपाय म्हणजे पिनेला जस्ताची जाड कॉलर. जस्त स्वतः झिजतं, पिन वाचते.

दुसरा उपाय अंतराचा. बशीच्या घड्यांवरून करंटला जावा लागणारा रस्ता लांब करायचा. स्वच्छ हवेत दर केव्हीला 16 मिलिमीटर, तर फार खारट हवेत 31, असा जुना हिशोब. म्हणजे 36 केव्हीसाठी 576 मिलिमीटरऐवजी 1116. जवळपास दुप्पट! तिसरा, सिलिकॉन रबरचे इन्सुलेटर. त्यांच्यावर पाण्याचे थेंब सुटे राहतात, सलग थर बनत नाही. आणि चौथा, नियमित धुणं.

आपल्याकडे मीठ नाही, पण धूळ आहे, कोराडी-खापरखेड्याची राख आहे. पहिल्या पावसात लाईट जाते, त्यामागे एक कारण हेही. तेव्हा लाइनमनला शिव्या घालण्याआधी लक्षात घ्या, फुटलेली ती एक बशी तो भर पावसात, अंधारात, खांबाखांबावर शोधत असतो.

तार पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, इतरांनाही जाऊ देऊ नका, आणि 1912 ला फोन करा. तुमच्या गावात पहिल्या पावसात काय होतं, व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!