समुद्रतळींची वाहिनी आणि खरेदीची याद

दहिसर म्हणजे मुंबईचें उत्तरेकडील दार. तेथील पुष्कळ घरांत आतां स्वयंपाकाचा वायु नळानें येतो. १९९५ सालीं स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीनें शहरांत व उपनगरांत हे नळ पसरविले आहेत. मुंबईस मिळणाऱ्या वायूपैकीं कांहीं भाग शहराच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर भर समुद्रांत निघतो, व तळावर टाकलेल्या पोलादी वाहिनींतून उरणच्या किनाऱ्यास लागतो. ह्या वाहिनीची भिंत किती जाड असावी हें कसें ठरतें, आणि ठरलें तसें तें प्रत्यक्षांत उतरतें कीं नाहीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

१९७४ च्या फेब्रुवारींत ‘सागरसम्राट’नें ह्या क्षेत्रांत तेलाचा शोध लावला. १९७६ सालीं उत्पादन सुरू झालें. आरंभीं तेल जहाजांनीं आणीत. १९७८ पासून तें वाहिनीनें येऊं लागलें. तेथें समुद्राची खोली सुमारें ७५ मीटर आहे. रस्त्याखालचा नळ बिघडला तर खणून बदलतां येतो. समुद्रतळावरचा बदलावयाचा तर जहाजें हवींत, पाणबुडे हवेत आणि शांत समुद्र हवा. पावसाळ्यांत तो कोठला मिळणार? म्हणून जी काय काळजी घ्यावयाची ती नळ पाण्यांत उतरण्यापूर्वींच घेतली पाहिजे.

ही काळजी दोन कागदांवर उतरते. पहिला आखणीच्या नियमावलीचा. नॉर्वेच्या ‘डेट नॉर्स्के व्हेरिटास’ संस्थेनें १९७६ सालीं अशी नियमावली काढली, व पुढें ती वेळोवेळीं सुधारली. दुसरा कागद नळांच्या खरेदीचा. त्यास बहुधा आधार असतो अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ‘५ एल’ ह्या मानकाचा. २००७ सालीं तें आंतरराष्ट्रीय मानकाशीं एकरूप झालें, आणि समुद्रांतील नळांसाठीं त्यांत स्वतंत्र परिशिष्ट आलें. पहिला कागद इंजिनियरच्या मेजावर असतो, दुसरा खरेदी-खात्यांत; आणि घोटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

आपल्याकडे लग्न ठरतांना याद करतात. यादींत जें लिहिलें नाहीं, तें मांडवांत मागतां येत नाहीं. नळाच्या कारखान्याचेंहि तसेंच आहे. इंजिनियरनें मनांत काय धरलें होतें हें कारखानदारास कोठून कळणार? तो फक्त मागणीपत्र वाचतो.

एक उदाहरण घेऊं. ‘एक्स ६५’ म्हणजे चौरस इंचास ६५,००० पौंड ताण येईपर्यंत कायमचें न वांकणारें पोलाद. नॉर्वेची नियमावली सांगते कीं, हिशेबांत ह्या बळाचे शेंकडा ९६ च धरा. कारखान्यानें पोलादाच्या बळाविषयीं अधिक खात्री देणाऱ्या, ‘यू’ ह्या अक्षरानें ओळखल्या जाणाऱ्या जादा अटी पाळल्या, तरच पूर्ण १०० धरा. इंजिनियर १०० धरतो, पण मागणीपत्रांत ‘यू’ हें अक्षर येत नाहीं. नळ ‘एक्स ६५’च येतात, प्रमाणपत्रहि निर्दोष असतें, पण हिशेबांतले चार टक्के कोठेंच नसतात. ३० इंची, २० मिलिमीटर जाड नळाची २०० किलोमीटर वाहिनी घेतली, तर हे चार टक्के म्हणजे सुमारें ३,००० टन पोलाद होतें. ही काटकसर चांचणीच्या आधारावर केली होती, आणि चांचणी तर कोणी मागितलीच नाहीं!

जाडीचें तसेंच. सर्वसाधारण मानकानें १५ मिलिमीटर वा अधिक जाडीच्या वेल्डिंगच्या नळास १.५ मिलिमीटर कमी-अधिकाची सूट आहे. इंजिनियरनें १ मिलिमीटरच सूट धरली असेल, तर उरलेला अर्धा मिलिमीटर त्याच्या हिशेबाबाहेर पडला.

कोणी म्हणेल, मग सर्वांत बळकट नळ घ्यावे, म्हणजे झालें. पण येथें बळकटपणाहि बेताचाच हवा. नळ वेल्डिंगनें जोडून जहाजावरून वांकवीत समुद्रांत सोडतात. नळ सांध्यापेक्षां बळकट निघाला, तर सारा ताण सांध्यावर येतो. म्हणून मानकाच्या वरच्या पातळींत बळास कमाल मर्यादाहि आहे. खालच्या पातळींत ती नाहीं. केवळ किंमत पाहून खालची पातळी मागविणारास ही मर्यादाहि मिळत नाहीं, आणि आघात सोसण्याची सक्तीची चांचणीहि मिळत नाहीं.

उपाय साधा आहे. निविदा निघण्यापूर्वीं आखणींतील प्रत्येक गृहीत एका रकान्यांत लिहावें, आणि त्यासमोर खरेदीचें कोणतें कलम तें पुरें करतें तें लिहावें. समोरचा रकाना रिकामा राहिला, तर एक कलम वाढवावें किंवा भिंत जाड करावी. पुढें कारखान्यानें एखाद्या अटींत सवलत मागितली, तर तिचा निर्णय खरेदी-खात्यानें एकट्यानें न घेतां आखणी करणारापाशीं परत न्यावा. ह्या कामास दोन माणसांचे कांहीं दिवस लागतील. तें राहून गेलें, तर तेल-वायूची गळती प्रथम कोळ्याच्या जाळ्यास आणि मग गृहिणीच्या शेगडीस भोंवेल. आणि त्या दोघांनीं तर ह्यांतला एकहि कागद पाहिलेला नसतो.